थायरॉईडची गाठ, रिपोर्ट बेथेस्डा ३ – ऑपरेशनआधी जनुकीय टेस्ट करून घ्यावी का?

मेघना_एडिसन

नमस्कार, इथे कोणाला थायरॉईडच्या गाठीचा अनुभव असेल किंवा कोणी डॉक्टर असतील तर प्लीज वाचा. वय ४३, न्यूजर्सीत राहते. मानदुखीसाठी एमआरआय काढला त्यात थायरॉईडच्या उजव्या बाजूला गाठ दिसली, मला तोपर्यंत काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. मग अल्ट्रासाउंड, गाठ २.३ सेंमी, टीआय-रॅड्स ४ (अल्ट्रासाउंडवरून गाठ किती संशयास्पद वाटते त्याचा वर्ग), म्हणून सुई घालून पेशी काढल्या आणि रिपोर्ट आला बेथेस्डा ३. डॉक्टरांना विचारलं याचा अर्थ काय, तर म्हणे कॅन्सर दिसत नाही पण नाहीच असंही छातीठोक सांगता येत नाही. टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल, गिळायला त्रास नाही, आवाज ठीक, घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर नाही.

एन्डोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनची डॉक्टर) म्हणते सुई परत एकदा घालू आणि त्याच वेळी अफर्मा नावाच्या जनुकीय टेस्टसाठी वेगळं सॅम्पल घेऊ, ते बेनाइन (म्हणजे साधी गाठ) आलं तर ऑपरेशन नको, नुसतं लक्ष ठेवायचं. सर्जनला भेटले तर तो म्हणाला तीही वाट आहे, पण तुला मनाला शांतता हवी असेल तर अर्धी थायरॉईड काढून टाकू, एका दिवसात घरी. आई नाशिकला, तिचं रोज फोनवर एकच, गाठ आहे ना मग काढून टाक बाई, जिवाला घोर नको. आणि आमचे भाऊजी पुण्यात जनरल सर्जन आहेत, ते म्हणतात दिवाळीत येतेच आहेस तर इथेच करून टाकू, टेस्टच्या पैशात ऑपरेशन होऊन तिकीटही निघेल.

मला खरंच कळत नाहीये. ही टेस्ट विश्वास ठेवण्यासारखी आहे का? बेनाइन सांगितलं आणि आत कॅन्सर निघाला तर? इन्शुरन्सने नाही म्हटलं तर किती खर्च? आणि भारतात हीच टेस्ट होते का? रात्री झोप लागत नाही, कृपया नीट माहिती असेल त्यांनीच लिहा.

सुनीता_कोथरूड

मेघनाताई, आधी एक, घाबरू नका. थायरॉईडच्या बहुतेक गाठी साध्या निघतात आणि ज्या नसतात त्याही बहुतेक हळूहळू वाढणाऱ्या असतात, दोनचार आठवडे विचार करण्यात गेले म्हणून काही बिघडत नाही.

माझी गाठ काही वर्षांपूर्वी निघाली, अगदी तुमच्यासारखाच अधांतरी रिपोर्ट. अर्धी थायरॉईड काढली. नंतर मोठा रिपोर्ट आला, साधी गाठ, कॅन्सर नाही. सगळ्यांनी पेढे वाटले आणि मलाही आनंद झालाच, पण त्यानंतर टीएसएच वर वर जात राहिला आणि आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, गोळीनंतर अर्धा तास चहा नाही, दर काही महिन्यांनी रक्त तपासणी. आवाज पहिले काही आठवडे घोगरा होता, मी शाळेत शिकवते त्यामुळे ते फार जड गेलं. मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही की पेशींची जनुकं तपासून काही कळू शकतं. डॉक्टरांनी त्यांच्या परीने योग्यच केलं, त्यांच्याकडे दुसरं साधन नव्हतं. पण तुमच्याकडे आहे ना! मग करून घ्या. न लागणारं ऑपरेशन टळलं तर त्यासारखं सुख नाही.

स्लाइडवाला_डॉक्टर

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मुंबईत, या स्लाइड रोज बघतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

बेथेस्डा म्हणजे सुईच्या रिपोर्टचे सहा वर्ग. १ म्हणजे सॅम्पल पुरेसं नाही, २ साधी गाठ, ६ कॅन्सर, ५ कॅन्सरचा दाट संशय. अडचण होते ती ३ आणि ४ ची. २०२३ च्या नव्या आवृत्तीत ३ मध्ये कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता २२ टक्के आणि ४ मध्ये ३० टक्के धरली आहे. म्हणजे तुमच्या वर्गातल्या दर शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांची गाठ साधी असते. पण ते अठ्ठ्याहत्तर कोण हे स्लाइड बघून सांगता येत नाही, म्हणून इतकी वर्षं सगळ्यांचीच अर्धी थायरॉईड निदानासाठी काढत आलो. सुनीताताईंचं जे झालं ते असंच.

का सांगता येत नाही? कारण फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत साधी आणि कॅन्सरची पेशी दिसायला जवळपास सारखीच. फरक एवढाच की कॅन्सरची गाठ भोवतीचं आवरण फोडून बाहेर किंवा रक्तवाहिनीत शिरलेली असते. सुईने आपण सुट्या पेशी ओढतो, आवरण येतच नाही. फणसाचे चार गरे कोणी ताटलीत आणून दिले तर साल कुठे फुटली होती हे त्यावरून कसं सांगणार, तसं आहे हे. मायक्रोस्कोप कितीही चांगला असो आणि बघणारा कितीही अनुभवी असो, जे सॅम्पलमध्ये नाही ते दिसणार नाही.

इथे जनुकीय टेस्ट कामाला येते, कारण दिसायला सारख्या असल्या तरी पेशींच्या आतला कारभार वेगळा असतो. अफर्मा ही कॅलिफोर्नियातल्या व्हेरासाइट कंपनीची. ती आरएनए वाचते, म्हणजे हजाराहून जास्त जनुकांपैकी कुठली किती जोरात चालू आहेत ते बघते आणि कॉम्प्युटरचा अल्गोरिदम उत्तर देतो, बेनाइन किंवा सस्पिशस (संशयास्पद). दुसरी थायरोसेक, ती पिट्सबर्ग विद्यापीठातून आली, तिची तिसरी आवृत्ती ११२ जनुकांमधले बिघाड शोधते, म्हणजे बीआरएएफ, रास, टर्ट वगैरे म्युटेशन, दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटली आहेत का ते, आणखीही काही.

आता विश्वासाचं. अफर्माची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली, २०१२ चा मोठा अभ्यास झाला त्यात २६५ अनिश्चित गाठी होत्या. कॅन्सर पकडण्याची ताकद ९२ टक्के, पण साध्या गाठीला साधी म्हणण्याची ताकद फक्त ५२, म्हणजे निम्म्या साध्या गाठींना ती उगाच सस्पिशस ठरवायची, त्यातही हर्थल पेशींच्या (थायरॉईडमधल्या एका वेगळ्या प्रकारच्या मोठ्या पेशींच्या) गाठी असल्या की फारच. २०१८ ला सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात हे आकडे ९१ आणि ६८. थायरोसेकचे २०१९ मध्ये छापून आले, ९४ आणि ८२. शिवाय लॉस एंजेलिसच्या युसीएलए मध्ये दोन्ही टेस्ट समोरासमोर ठेवून, कोणाला कुठली ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरवून अभ्यास झाला, तो २०२१ ला आला, त्यात दोन्हींनी साधारण निम्म्या लोकांचं निदानासाठीचं ऑपरेशन टाळलं. कंपनीच्या पैशाने झालेल्या अभ्यासांपेक्षा मी स्वतः याला जास्त वजन देतो.

मेघनाताई, तुमची गाठ २.३ सेंमी, लक्षणं नाहीत, घरात कोणाला नाही, म्हणजे ही टेस्ट ज्यांच्यासाठी बनली त्यातल्या तुम्ही आहात. गाठ ४ सेंमीच्या वर असती किंवा अन्ननलिकेवर दाब देत असती तर मी म्हटलं असतं टेस्टच्या भानगडीत पडू नका, उत्तर काहीही आलं तरी ऑपरेशन करावंच लागलं असतं. टेस्ट त्यालाच करावी ज्याचा निर्णय तिच्यामुळे बदलणार आहे.

विनायक_सनीव्हेल

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, फक्त दुसरी बाजू पण सांगतो कारण सगळे बेनाइनचंच बोलतायत. माझ्या बायकोचं सस्पिशस आलं. ती दुपार आठवली तरी नको वाटतं, हॉस्पिटलच्या ऑनलाइन पोर्टलवर रिपोर्ट आधी आला आणि डॉक्टरांचा फोन नंतर, तिने तो शब्द वाचला आणि रडायलाच लागली. सस्पिशस म्हणजे कॅन्सर नाही हे आम्हाला कोणीतरी आधीच नीट सांगायला हवं होतं. सस्पिशस आलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्याच गाठीत खरंच कॅन्सर असतो, बाकी साध्याच. तर ताई, तुमच्या डॉक्टरला टेस्ट पाठवायच्या आधीच विचारा की सस्पिशस आलं तर पुढे काय करायचं, आणि पोर्टलचं नोटिफिकेशन बंद करून ठेवा, फोनवरच ऐका.

तिच्या रिपोर्टमध्ये रास म्युटेशन होतं. आमच्या सर्जनने समजावलं की रास असलं तर कॅन्सर असू शकतो, नसू शकतो, आणि असला तरी बहुतेकदा सौम्य असतो, म्हणून पूर्ण थायरॉईड न काढता अर्धीच काढू. बीआरएएफ व्ही६००ई असतं तर चित्र वेगळं, ते असलं की जवळपास नक्कीच पॅपिलरी कॅन्सर (थायरॉईडच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार). म्हणजे ऑपरेशन टळलं नाही तरी किती करायचं हे ठरवायला टेस्ट कामाला आली. शेवटी निघालं निफ्टपी, म्हणजे आवरणाच्या आतच राहिलेली गाठ, तिला आधी कॅन्सर म्हणायचे आणि २०१६ मध्ये तज्ज्ञांनी मिळून तिच्या नावातून कार्सिनोमा काढून टाकला कारण ती पसरतच नाही. रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा उपचार) नाही, काही नाही.

पैशाचं, मेडिकेअरचा (अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याचा) या टेस्टचा दर ३६०० डॉलर आहे म्हणजे अंदाज घ्या. आमच्या इन्शुरन्सने आधी कागद मागितले, डॉक्टरच्या ऑफिसने बेथेस्डाचा रिपोर्ट आणि पत्र पाठवलं मग झालं. डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागायच्या आधी आपण भरायची रक्कम) भरून झालंय का बघा, आणि सॅम्पल जायच्या आधी लॅबच्या बिलिंगला फोन करून तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं ते विचारून नाव आणि तारीख लिहून ठेवा.

कोकणकडा

मला थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते मनापासून म्हणतोय, कोणाला दुखवायचं नाही. टेस्ट चांगलीच असेल, पण मुळात एवढ्या गाठी आपण शोधतोच कशाला? साठीच्या पुढच्या कितीतरी लोकांच्या थायरॉईडमध्ये सोनोग्राफी केली की काही ना काही सापडतंच. दक्षिण कोरियाचं उदाहरण बघा, तिथे इतर कॅन्सरच्या सरकारी तपासणीच्या जोडीला थोड्या जास्तीच्या पैशात थायरॉईडची सोनोग्राफी करायची लाट आली आणि १९९३ ते २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण पंधरापट झालं, एका २०११ सालात चाळीस हजारांहून जास्त लोकांना कॅन्सर सांगितला गेला, आणि मृत्यू? होते तितकेच. म्हणजे एवढ्या लोकांचे गळे कापून वाचलं कोणीच नाही. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी हे उघडपणे मांडलं, त्यानंतर लोक तपासणीला जाईनासे झाले आणि ऑपरेशनं धडाधड कमी झाली.

जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलने तर १९९३ पासूनच सुरू केलंय, १ सेंमीपर्यंतचा कमी धोक्याचा पॅपिलरी कॅन्सर पक्का असला तरी लगेच कापायचं नाही, सोनोग्राफीवर बघत राहायचं. बाराशेहून जास्त पेशंट, दहा वर्षांत वाढलेली गाठ फक्त ८ टक्क्यांची, आणि त्या आजाराने गेला कोणीच नाही. आपल्याकडे हेल्थ चेकअपच्या पॅकेजात थायरॉईडची सोनोग्राफी घालतात ना, काही त्रास नसताना, ते मला अजिबात पटत नाही. ३६०० डॉलरच्या टेस्टने टळणारं ऑपरेशन कित्येकदा ती सोनोग्राफी न करून फुकटात टळलं असतं.

स्लाइडवाला_डॉक्टर

कोकणकडा, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, त्रास नसताना सरसकट सोनोग्राफी करू नये हे मी पण सगळ्यांना सांगतो. पण मेघनाताईंची गाठ मानदुखीच्या एमआरआयमध्ये आपसूक दिसली, आता ती दिसली नाही असं धरून चालता येणार नाही, २.३ सेंमी आणि टीआय-रॅड्स ४ म्हटल्यावर सुई घालणं नियमाप्रमाणेच झालं, त्या वर्गात दीड सेंमीच्या पुढे घालतातच.

आता भारताचं राहिलं होतं. अफर्मा किंवा थायरोसेक इकडे रोजच्या कामात वापरत नाहीत. आपल्याकडे अर्धी थायरॉईड काढण्याचा खर्च कित्येक ठिकाणी या टेस्टपेक्षा कमी, त्यामुळे भाऊजी म्हणतात ते हिशेबाने खोटं नाही. पण त्या हिशेबात नंतरची आयुष्यभराची गोळी धरलेली नसते (अर्धी काढलेल्या साधारण पाचातल्या एकाला लागते), आवाजाच्या नसेला धक्का लागायची शक्यता कमी असली तरी शून्य नसते, आणि गाठ साधी निघाली तर हे सगळं कशासाठी, याला उत्तर नसतं. ज्याला टेस्ट मिळतच नाही त्याने ऑपरेशन करणं समजू शकतो. तुम्हाला मिळते आहे.

आणि एक गोष्ट जोर देऊन सांगतो कारण इकडे हा गोंधळ फार बघतो. मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये नुसती बीआरएएफची टेस्ट होते, ती स्वस्त आहे, आणि कोणीतरी सांगतं की तीच करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर कॅन्सर आहे हे कळतं, पण निगेटिव्ह आली म्हणजे कॅन्सर नाही असं बिलकुल नाही! तुमच्यासारख्या अनिश्चित रिपोर्टच्या गाठीत बीआरएएफ मुळात कमीच सापडतं, रास जास्त. ऑपरेशन टाळायचं असेल तर "नाही" हे ठामपणे सांगू शकणारी टेस्ट लागते, एका जनुकाची टेस्ट ते सांगू शकत नाही. बीआरएएफ निगेटिव्हचा कागद घेऊन निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत म्हणून कळकळीने लिहितोय.

"बेनाइन आलं आणि आत कॅन्सर असला तर" याचं उत्तर, शक्यता शंभरात तीनचार, म्हणजे सुईच्या रिपोर्टमध्ये बेथेस्डा २ आला असता तर जेवढी राहिली असती साधारण तेवढीच. फक्त हा आकडा त्या हॉस्पिटलवर पण अवलंबून असतो. तिथे बेथेस्डा ३ चं लेबल सैल हाताने लावत असतील की कडक, त्याप्रमाणे तिथल्या ३ मधल्या कॅन्सरचं प्रमाण बदलतं, आणि ते जास्त असेल तर बेनाइन उत्तराची खात्री थोडी कमी होते. म्हणून डॉक्टरला सरळ विचारा, तुमच्या इथे बेथेस्डा ३ पैकी किती जणांना शेवटी कॅन्सर निघतो. चांगल्या सेंटरला हा आकडा माहीत असतो आणि विचारल्याचा त्यांना राग येत नाही. बेनाइन आलं तरी सोनोग्राफी चालूच ठेवायची, पहिली साधारण वर्षभराने, ती चुकवायची नाही, टेस्टच्या उत्तराइतकंच तेही महत्त्वाचं.

मेघना_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप दिवसांनी कोणीतरी नीट समजावून सांगितलं असं वाटतंय. नवऱ्याला पण वाचून दाखवलं. टेस्ट करायचं ठरवलंय, भाऊजींनाही हा धागा पाठवला, त्यांचा फोन आला होता, म्हणाले आमच्याकडे ती मिळत नाही म्हणून मी तसं बोललो, मिळत असेल तर जरूर कर. आईला काय सांगू तेवढं अजून सुचत नाहीये, तिच्या बहिणीचा स्तनाचा कॅन्सर उशिरा कळला होता त्यामुळे थांबणं म्हणजे हलगर्जीपणा असं तिच्या मनात घट्ट बसलंय आणि मी तिला दोष देऊ शकत नाही.

डॉक्टर, दोन शंका. सुई परत घातली आणि यावेळी रिपोर्ट बेथेस्डा २ आला तर टेस्टचे पैसे फुकट जाणार का? आणि मी केसांसाठी बायोटिन घेते, त्याने टेस्टवर काही परिणाम?

सुनीता_कोथरूड

मेघनाताई, आईंना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यक्तिगत निरोपात लिहा, मी आनंदाने फोन करेन. माझ्या आईचंही असंच होतं, मुलीच्या गळ्यात गाठ म्हटल्यावर तिला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. त्यांना सांगा की आपण थांबत नाही आहोत, आपण तपासतो आहोत, आणि दर वर्षी सोनोग्राफीला जाणार आहोत. आणि सगळी तपासणी झाल्यावर ऑपरेशन लागलंच तर त्यालाही घाबरायचं कारण नाही, मी केलंय, मी धडधाकट आहे, मोठ्या आवाजात वर्ग घेते.

स्लाइडवाला_डॉक्टर

चांगलं ठरवलंत. पहिली शंका अगदी योग्य. सुई घालताना एकदोन फेऱ्या स्लाइडसाठी आणि एकदोन जादा फेऱ्या जनुकीय टेस्टच्या नळीसाठी घेतात, त्या नळीत आरएनए टिकवणारं द्रव असतं. नळी बाजूला ठेवतात, आधी स्लाइड बघतात. बेथेस्डा २ आला तर नळी तपासायची गरजच नाही, परत ३ किंवा ४ आला तरच टेस्ट लागते. तुमच्याकडे हीच पद्धत आहे ना, हे सुईच्या दिवसाआधी विचारून घ्या, म्हणजे नको असलेली टेस्ट आणि तिचं बिल दोन्ही टळेल. बेथेस्डा ३ दुसऱ्यांदा केल्यावर बऱ्याच जणांचा २ येतो, त्यामुळे तुम्हाला कदाचित अफर्मा लागणारही नाही. आणि नळी त्याच दिवशी भरून घ्यायची हे आधी ठरलं नसेल तर तिसऱ्यांदा सुई घालावी लागते, तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा.

बायोटिनचा सुईच्या सॅम्पलवर काही परिणाम नाही. रक्तातल्या टीएसएच, टी४ वर मात्र होतो, जास्त डोस असेल तर आकडे चुकीचे येऊ शकतात, टीएसएच खोटाच कमी दिसतो. तुमचा टीएसएच काढला तेव्हा बायोटिन चालू होतं का? असेल तर निदान दोन दिवस बंद ठेवून तो परत करून घ्या, कारण नॉर्मल आलेला टीएसएच बायोटिनने खाली ओढलेला असेल तर खरा आकडा वर असू शकतो, ते माहीत असलेलं बरं. टीएसएच खरंच कमी असता तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा आधी थायरॉईडचा स्कॅन करतात, हॉट (स्वतःच जास्त हार्मोन बनवणारी) गाठ निघाली तर तिच्यात कॅन्सर क्वचितच असतो आणि सुईचा विचारच वेगळा होतो. रिपोर्ट आला की इथे लिहा, मी बघेन.